नवमीचे उंदीर

दसऱ्याच्या सकाळी मी पांढऱ्या सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावत होतो आणि ती मेली लागत नव्हती, तेवढ्यात बाहेर भिंतीवर सायकल आपटल्याचा आवाज आला. सायकल अशी आपटणारा गावात एकच इसम, धनसिंग. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजचा सकाळपाळीचा ऑपरेटर. मी तिथला मेकॅनिक. म्हणजे बोर्डापुढं बसून, ज्याच्या नंबराचं झाकण पडेल त्याचं बोलणं जोडायचं ते त्यानं, आणि बोर्डामागच्या तारा सांभाळायच्या त्या मी. "दादा, चला बरं लवकर," तो दारातूनच म्हणाला, "बोर्डाला येड लागलं." मी म्हणालो, येड लागलं म्हणजे काय, नीट सांग. "जिनिंगच्या मुनीमानं घंटी केली तर झाकण पडलं डॉक्टरचं. डॉक्टरला विचारावं तर आतून जमादार बोलून राहिला. अन् मागून कोन्ची तरी बाई सुनेला शिव्या देऊन राहिली. सगळं गाव एकमेकांत घुसलं, दादा." चुलीपाशी बसलेली केशरबाई, माझी बायको, पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "बरं झालं, आज लोकायला फुकट बातम्या भेटल्या." मला हसू आलं नाही. गुंडी तशीच सोडून मी चपला घातल्या. "सदरा तरी बदला," ती म्हणाली. "काहून बदलू? दहाच्या आत येतो," मी म्हणालो, आणि तो सदरा त्या दिवशी कोपरापर्यंत काळा झाला.

दहाच्या आत यायचं होतं, कारण दहाला विहारात जमायचं होतं. दसरा आमच्या घरी दसरा नसतो. छप्पन साली त्या दिवशी नागपूरला जे झालं त्याचा तो दिवस. कॅलेंडरात मात्र चौकोन एकच, त्यात दोघांनी राहायचं. सकाळी पलीकडच्या गल्लीत झेंडूची तोरणं बांधतात, इकडं आमच्याकडं निळी निशाणं लागतात, आणि मधल्या रस्त्यावरची शेळी दोन्हीकडचा पाला खाते. विहारात दरवर्षी बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा मी म्हणतो आणि माझ्यामागून सगळी वस्ती म्हणते. मान म्हणावा तर मान, सवय म्हणावी तर सवय. आवाज बरा आहे आणि मला कागद लागत नाही, एवढंच. पण वर्षभर तारा, खांब, शिड्या यांत घालवलेल्या माणसाला तो अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात मी कुणाचा मेकॅनिक नसतो.

धनसिंग सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होता. एरवी तोंड बंद ठेवणं त्याच्या नशिबात नाही. तांड्यावरची म्हैस, कुरुंद्याचा हळदीचा भाव, त्याच्या आईचे गुडघे, काहीतरी चालूच असतं. त्या दिवशी गप्प. मला वाटलं, घाबरला असेल. टेंपरवारी माणूस. तीन वर्षं झाली लागून, अजून कच्चा. पक्का करायचे कागद वर गेलेले, आणि तांड्यावर सगळ्यांना सांगून बसलेला की दिवाळीला सही होते. तांड्यातला सरकारी नोकरीतला तो पहिलाच. त्याची आई रूपाबाई एकदा खास तांड्याजवळच्या डोंगरकड्याच्या पोस्टात जाऊन, तिथला फोन कानाला लावून, लेक खरंच तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो का ते पाहून आलेली. "तूच हाईस का रे?" असं तिनं तीनदा विचारलं आणि रडायला लागली. मी बोर्डामागं उभा होतो, मला इकडं ऐकू आलं होतं.

चालता चालता माझ्या डोक्यात आदल्या दिवसाचं सुरू झालं. खंडेनवमीला एक्स्चेंजात पूजा असते. सुतार वाकस पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तसा आमच्याकडं बोर्ड. शंकरसिंग म्हणून थोरले ऑपरेटर आहेत, तेच सगळं करतात. मी नवा होतो त्या वर्षी त्यांनी नारळ माझ्याच हातात दिला होता. "यंत्र तुम्हारा है, तुमही फोडो." मी म्हणालो, आमच्यात नाही चालत. ते म्हणाले, बरं. भांडण नाही, काही नाही. तेव्हापासून नवमीला दुपार कलली की मी सायकल काढतो आणि घरी जातो. मला कुणी हाकललेलं नाही. मी आपला आपण जातो. पण जाताना नाल्याच्या पुलावर कुठंतरी पाय टेकतो आणि मनात येतं, आता नारळ फुटला असेल, आता वाटून राहिले असतील. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, केशरबाईलासुद्धा नाही. ज्या पंगतीत बसायचं नाही असं आपणच ठरवलं, तिथं आपलं पान मांडलं होतं का, याची चौकशी मन करत राहतं. हा मूर्खपणा आहे हे मला कळतं. कळून जात नाही.

एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत माझी फ्रेम आहे. फ्रेम म्हणजे दाराचं एक उभं लाकडी कपाट. गावातल्या, खेड्यांतल्या सगळ्या तारा खांबावरून येतात आणि कपाटाच्या डाव्या पट्टीवर बसतात. बोर्डाच्या तारा उजव्या पट्टीवर, नंबरांच्या ओळीनं. मधून लाल-पांढऱ्या जोडतारा जातात, डावीकडची कोणती उजवीकडं कुठं ते त्या सांगतात. बस्स. सगळं एक्स्चेंज म्हणजे तेवढंच. डाव्या पट्टीवर प्रत्येक तारेखाली कागदाची चिठ्ठी, तिच्यावर नंबर, माझ्या हातानं शाईनं लिहिलेला, कणकेच्या खळीनं चिकटवलेला. या कपाटाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. पूजेचं हळदीकुंकू त्याच्या दाराला लागतं तेवढंच, तेही मी सण झाल्यावर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो, शिव्या देत पुसतो.

मी दार उघडलं आणि आतून गुळाचा वास आला. तारांवरचं मेणकापड सोलून निघालेलं, नागडी तांब्याची तार नागड्या तारेला चिकटलेली, काही जोडतारा मधूनच तुटलेल्या. खाली तळाला लाल-पांढऱ्या सुताचा चुरा, उंदराच्या लेंड्या, वर्तमानपत्राच्या चिंध्या, आणि त्यात खोबऱ्याचे दोन पांढरे तुकडे, दातांच्या खुणा असलेले. चिठ्ठ्या गेल्या होत्या. कणकेची खळ ती, गूळ संपल्यावर उंदरांनी चिठ्ठ्या वर चढून खाल्ल्या होत्या, एकूण एक. मी हात लावला नाही. पाहत उभा राहिलो. तारा सगळ्या जागेवर होत्या, खांबावरून येणाऱ्या तशाच येत होत्या, माणसंही आपापल्या घरात आपापल्या फोनजवळ तशीच असणार. कुणाचं काही गेलं नव्हतं. फक्त कोण कुठं आहे हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. मग संताप आला. कपाटात खायचं ठेवतात! अरे, हे काय फडताळ आहे का तुमच्या घरचं?

शंकरसिंग बोर्डापुढच्या स्टुलावर, कपाळाला कालचं कुंकू तसंच, बसले होते. रात्रपाळी त्यांचीच. "मेरेको तो कुछ आवाज नहीं आया," ते म्हणाले. कसा येईल? बाकावर पंचा तोंडावर घेऊन झोपले की ते ढग फुटला तरी उठत नाहीत. "प्रसाद आत कुणी ठेवला?" मी विचारलं. "प्रसाद तो इधर बाटा सबको," म्हणाले, "अंदर का मेरेको क्या मालूम." धनसिंग तारांचा चुरा गोळा करत होता, त्यानं मान वर केली नाही. मी मनात म्हणालो, तुमीच ठेवला असंल, आणखी कोण ठेवतंय, देवाला नैवेद्य म्हणून कपाटात सारला असंल आणि गेला असाल झोपायला.

जिल्ह्याची ट्रंकलाइन वेगळ्या पट्टीवर होती म्हणून वाचली. तिच्यावरून मी इन्स्पेक्टर साहेबांना कळवलं. फ्रेमचं रजिस्टर तपासणीसाठी त्यांच्याकडंच गेलेलं आणि सणामुळं ऑफिसला कुलूप, त्यामुळं तिकडून नंबर मिळायची आशा नव्हती. साहेब घरून बोलत होते, मागं लेकरांचा गलका. "संध्याकाळच्या आत सगळ्या लाइनी उभ्या करा," ते म्हणाले. "आणि कपाटात खाण्याचा जिन्नस ठेवणाऱ्याचं नाव मला संध्याकाळी पाहिजे. पक्का असेल तर मेमो. कच्चा असेल तर उद्यापासून घरी. समजलं?" मी म्हणालो, समजलं. फोन ठेवताना मला बरं वाटलं, हे खरं आहे. शंकरसिंगांना मेमो. आठवतंय, त्या विचारानं मी पहिल्यांदा पक्कड हातात घेतली तेव्हा हात हलका होता.

उपाय एकच होता. डावीकडची एकेक तार घ्यायची, तिला माझा तपासणीचा फोन लावायचा, मूठ फिरवून घंटी द्यायची आणि पलीकडं कोण उचलतं ते ऐकायचं. माणूस कळला की नंबर कळला. नंबर सगळे मला पाठ. मग नवी जोडतार ओढून त्या नंबरावर बसवायची. सोपं वाटतं. पहिल्याच तारेवर कुणीतरी ओरडलं, "हॅलो, कोन हाय?" मी म्हणालो, एक्स्चेंज, तुम्ही कोण? "आधी तू सांग तू कोन!" मी सांगितलं. "एक्सचेंज कसं? एक्सचेंजला मी घंटी मारतो, एक्सचेंज मला काहून मारंल?" आणि ठेवून दिला. मला या माणसांचे आवाज ठाऊक नाहीत. मी त्यांना तारांनी ओळखतो, कोणाची तार पावसाळ्यात खरखरते, कोणाच्या खांबावर मधमाश्या बसतात. धनसिंगनं हात पुढं केला. "इकडं द्या, दादा." मी पुन्हा मूठ फिरवली. त्यानं दोन शब्द ऐकले आणि रिसीव्हरवर तळहात ठेवून म्हणाला, "गंजातले किराणावाले. सर्दी झाली त्यायला." मी अंदाज म्हणून सोडून देणार होतो, पण तो आत बोलला, "शेठ, काढा घ्या हळदीचा," आणि आतून राग निवळलेला आवाज आला, "कोन, धनसिंग? मघा कोन येडा होता रे लाइनीवर?"

मग तसंच सुरू झालं. मी तार चिमटीत धरायची, मूठ फिरवायची, रिसीव्हर त्याला द्यायचा. एकच रिसीव्हर, त्याला त्याच्या तंबाखूचा वास, मग माझ्या कानाला तो गरम लागायचा. तो आवाजावरून सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, कुंडलीच मांडायचा. "ह्ये डॉक्टरचे कंपाऊंडर, ह्ये बोलायच्या आधी घसा खाकरतेत." "ह्या आडतीच्या काकू, फोन उलटा धरतेत, सरळ धरा काकू." "ह्ये कुरुंद्याचं पोस्ट, थितं मागं गिरणी वाजती." एकानं उचललं आणि काहीच बोलला नाही, नुसता श्वास. "वकीलसाहेब," धनसिंग लगेच म्हणाला, "ह्ये कधीच आधी बोलत न्हाईत, फी लागती." मला हसू आलं. त्या कपाटापुढं, तसल्या दिवशी, मी खदखदून हसलो, आणि तो हसला नाही. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढची तार दाखवली. मी म्हणालो, काय रे, आज तोंडात गुळणी धरली का? तो म्हणाला, "न्हाई, दादा. काम तेवढं होऊ द्या."

दहा वाजून गेले हे मला कळलं ते विहाराच्या भोंग्यावरून. एक्स्चेंजच्या मागच्या खिडकीतून वस्ती दिसत नाही, पण भोंगा ऐकू येतो. वारा इकडचा होता. आधी वंदना झाली, मग खरखर, मग एक कोवळा आवाज प्रतिज्ञा म्हणायला लागला. कुणातरी कॉलेजच्या पोराला उभं केलं असणार. कागदावरून वाचत होता, अडखळत होता, पाचवीनंतर एक गाळून पुढं गेला, मग कुणीतरी सांगितलं असेल, परत मागं आला. माझे ओठ हलत होते. हातात पक्कड, तोंडात जोडतारेचा तुकडा, आणि मी त्याच्यासोबत म्हणत होतो, गाळलेली तेवढी आधी म्हणून. धनसिंग थांबला होता. रिसीव्हर कानाशी, पण मूठ फिरवा असं म्हणत नव्हता. शेवटची झाल्यावर म्हणाला, "तुमी म्हनता तशी न्हाई म्हनली त्यानं." मी विचारलं, तुला काय माहीत मी कशी म्हणतो? "दरसाल ऐकू येती की इथं," तो म्हणाला. "दसऱ्याला सकाळपाळी माझीच असती." मी तार फिरवायला घेतली. हे मला आजवर सुचलंच नव्हतं, की माझा तो अर्धा तास कुणी बाहेरचं ऐकत असेल.

दुपारनंतर अडलं. ज्यांनी फोन उचलले त्यांच्या लाइनी लागल्या. उरल्या त्या बंद कचेऱ्यांच्या. तहसील, मुन्सफाचं कोर्ट, तिजोरी, जंगल खातं. सणाला कुलपं. घंटी द्या, कितीही द्या, रिकाम्या खोलीत वाजत राहणार. मी कंदील आणून पट्टी जवळून पाहिली. जिथं उंदरांनी चिठ्ठीबरोबर वरचा रंगही खरवडला होता तिथं खालून दुसरा रंग निघाला होता, पांढरा, तेलाचा, त्यात काही रेघा. मी थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं. रेघा नव्हत्या, आकडे होते. उर्दूचे. निजामाच्या काळात ही फ्रेम बसली तेव्हाचे. आकड्याशेजारी बारीक अक्षरात खात्याचं नाव. आणि सरकारी लाइनी तेव्हापासून आपल्या जागेवरून हललेल्याच नव्हत्या. वरून आम्ही रंग दिला, चिठ्ठ्या डकवल्या, नवे नंबर घातले. खालचं तसंच होतं. मी वाचायला लागलो, तहसील, अदालत, खजाना. मोठ्यानं वाचलं वाटतं, कारण शंकरसिंग दारात येऊन उभे राहिले. "अरे! तुमको उर्दू आती है?" मी म्हणालो, "येत होती."

येत होती म्हणजे शिकलो होतो. कुरुंद्याच्या शाळेत, पोलीस ॲक्शनच्या आधी, ओट्याच्या कडेला, बाकीच्या पोरांपासून हातभर लांब बसून. मास्तर वाईट नव्हते. माझी पाटी हातात घेत नसत, पण उभं राहून सांगत, वरची रेघ लांब कर, खाली नुक्ता दे, आणि चुकलं तर छडीच्या टोकानं पाटीवरच दाखवत. छडी त्यांच्या हातात होती, पाटी माझ्या मांडीवर. तेवढं अंतर. त्या आकड्यांवर अंगठा ठेवला आणि शाळेच्या ओट्याचा गार दगड मांडीखाली आला. मग त्याच्यामागून बाप आला. दसऱ्याला बाप मला सोबत घेऊन गावात जायचा. पाटलाच्या दारासमोर आम्ही ओंजळ धरून उभे राहायचो आणि वरून आपट्याची पानं पडायची. सोनं घ्या म्हणायचे. भाकरही तशीच पडायची, वरून, हात हाताला लागू न देता. बाप म्हणायचा, आपला हक्क हाय तो. मला तेव्हा फक्त एवढं दिसायचं की पान पडताना वाकडंतिकडं होतं आणि ओंजळीबाहेर गेलेलं मातीतून उचलावं लागतं. हे सगळं मी छप्पन साली बंद केलं होतं. वरून रंग देऊन, नवा नंबर घालून. कुणी काही देऊ लागलं की माझा हात मागं जातो, चहाचा कप असो की लग्नाचा आहेर, आधी मागं जातो आणि मग पुढं येतो. केशरबाई म्हणते, तुमच्या हाताला अढी हाय. असू दे.

जंगल खात्याची तार बसवली तेव्हा उन्हं खिडकीतून उतरली होती. आता एकच तार उरली होती, दिवसभर कुणी न उचललेली, म्हणजे ती डोंगरकड्याच्या पोस्टाचीच, तपासायचंही कारण नव्हतं. मी जोडतार कापली, टोकं सोलली. धनसिंग समोर उकिडवा बसला होता. मी म्हणालो, "आता साहेबाला नाव सांगतो. शंकरसिंगजींना मेमो लागला की पुढच्या साली तरी अक्कल येईल."

"त्यायचं नाव नका सांगू, दादा," तो म्हणाला.

"काहून?"

"म्या ठेवलं होतं."

मी हातातली तार सोडली नाही. फक्त फिरवायची थांबलो. "तू? कपाटात? तुला येड लागलं का?"

"तुमचा वाटा होता," तो म्हणाला. जमिनीकडं पाहून बोलत होता. "वाटून झाल्यावर म्या इचारलं, भिवाजीदादाचा? शंकरसिंगजी म्हनले, तो घेत न्हाई, त्याचा कायचा वाटा. म्या म्हनलं, घेत नसंल, पन वाटा त पडतो ना. आमच्या तांड्यावर बोकड कापला की हर घराचा वाटा पडतो. मानूस परगावी असू द्या, भांडून बसलेला असू द्या. वाटा न्हाई काढला तर तो मानूस तांड्यातला न्हाई असं व्हतं. म्हनून कागदात बांधून ठेवला. इथं सगळ्यायचे खण हायेत, तुमचा खणच न्हाई. हे कपाटच तुमचं. म्हनून इथं."

"मग मला सांगायचं होतं सकाळी."

"तुमी रागावले असते. अन् मग बोर्ड पाहून भ्यालो. आता सांगा साहेबाला. माझं नाव सांगा. खोटं नका बोलू माझ्यापायी."

मी खाली पाहिलं. वर्तमानपत्राच्या चिंध्या मी सकाळीच झाडून कोपऱ्यात लोटल्या होत्या, खोबऱ्याचे ते दोन तुकडेही. सबंध दिवस मी त्यांना दुसऱ्याचा कचरा समजून पायानं मागं सारत होतो. मला राग आला, पण तो कुणावर ते कळेना. उंदरांवर? वाटलं, नाल्याच्या पुलावर पाय टेकून उभा राहिलेला मी, आणि त्याच वेळी इथं हा माणूस माझ्या नावानं कागदात गूळ बांधत होता, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही. डोळ्यांत पाणी आलं. हो, आलं. मी डोंगरकड्याची तार पिळून बसवली, गरजेपेक्षा जास्त घट्ट, आणि बोर्डाकडं गेलो.

ट्रंक धनसिंगनंच जोडून दिली. शंकरसिंग बाकावर बसून चप्पल पायानं उलटीसुलटी करत होते. साहेब आले. "लाइनी?" मी म्हणालो, सगळ्या चालू. "शाबास. आणि नाव?"

"साहेब, ते खाणं माझं होतं."

"तुमचं? भिवाजी, तुम्ही तर पूजेला थांबतसुद्धा नाही. मला सांगितलंय त्यांनी."

"थांबत न्हाई."

"मग?"

"वाटा होता, साहेब. माझ्या नावाचा. मी उचलला न्हाई म्हणून राहिला."

"हे पाहा, कुणाला वाचवू नका. मेमो निघेल तुमच्या नावानं. सर्व्हिस शीटवर बसेल."

"बसू द्या," मी म्हणालो. "खोटं सांगत न्हाई मी. माझाच होता."

साहेबांनी फोन ठेवला. मेमो पंधरवड्यानं आला आणि तो अजून माझ्या शीटवर आहे. शंकरसिंग उठले, चपला घातल्या, आणि दारात जाऊन बिडी पेटवली. मी मागं वळलो. धनसिंगच्या डोक्यावर हेडफोन तसाच होता आणि बोलणं जोडायची दोरी ट्रंकच्या भोकातच होती. सगळं ऐकत होता, लेकाचा. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं, त्याचा वेगळा मेमो निघतो.

"काढ ती दोरी," मी म्हणालो.

त्यानं काढली. हेडफोन उतरवला, हातात धरून बसला. त्याचं तोंड लहान लेकरासारखं झालं होतं, आणि मला ते बघवेना म्हणून मी सदऱ्याच्या बाह्या खाली करायला लागलो. काळ्याकुट्ट झालेल्या.

"काय काय होतं रे त्याच्यात?" मी विचारलं.

"गूळ-खोबरं. अन् एक पेढा."

"पेढा? पेढा सगळ्यांना होता?"

"न्हाई. शंकरसिंगजींनी बोर्डापुरते दोनच आनले व्हते. एक बोर्डापुढं ठेवला. एक तुमच्यात टाकला म्या."

"म्हणजे पेढा उंदरानं खाल्ला."

"व्हय," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसलो, तो जरा रडवेला. बोर्डावर एक झाकण पडलं, खट्ट, डोंगरकड्याच्या पोस्टाचं. बरोबर त्याच नंबराचं. त्यानं तिकडं पाहिलं, पण लगेच हात लावला नाही.

"पुढल्या नवमीला कपाटात ठेवायचं न्हाई," मी म्हणालो. "मी थांबतो. हातात दे."

"खासाल?" त्यानं विचारलं.

"खाणार न्हाई," मी म्हणालो. "पण हातात दे."